क्रेडिट युनियनच्या सर्टिफिकेटची मुदत संपताना: आपोआप नूतनीकरण बंदच ठेवावं का?

हिशेबनीस

अमेरिकेतल्या क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या मालकीची, बँकेसारखी संस्था) सर्टिफिकेट उघडताना (बँकांची सीडी, आपल्याकडची एफडी, तोच प्रकार) पाव टक्का जास्त मिळावा म्हणून आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. मुदत संपण्याच्या आठवड्याकडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि मिळवलेलं तिथेच जातं. माझं मत ठाम आहे. खातं उघडलं त्याच दिवशी आपोआप नूतनीकरण बंद करावं आणि मुदतीअखेर रक्कम शेअर सेव्हिंग्जमध्ये (तिथलं साधं बचत खातं) जमा करण्याची सूचना देऊन ठेवावी.

कारण सांगतो. चांगले दर बहुधा ७, ११, १३ महिने अशा विचित्र मुदतींच्या 'स्पेशल' सर्टिफिकेटवर असतात. मुदत संपली की बऱ्याच ठिकाणी तीच स्पेशल पुन्हा मिळत नाही. पैसे जवळच्या नेहमीच्या मुदतीत वळतात, म्हणजे १३ महिन्यांचं सर्टिफिकेट १२ महिन्यांचं होतं, आणि दर लागतो त्या दिवशीचा फलकावरचा. समजा ५०,००० डॉलर ४.२५ टक्क्यांवर होते आणि ०.५० टक्क्यावर वळले. वर्षाला २,१२५ ऐवजी २५० डॉलर मिळतील.

'नोटीस येतेच की' यावर विसंबू नका. क्रेडिट युनियनला ती मुदतीच्या ३० दिवस आधी पाठवावी लागते, पण दुसरा पर्यायही नियमात आहे: ग्रेस पिरियड (मुदत संपल्यावर दंडाविना पैसे काढायची सवलत) किमान ५ दिवसांचा असेल, तर तो संपण्याच्या २० दिवस आधी पाठवली तरी चालते. म्हणजे ग्रेस १० दिवसांचा असेल तर नोटीस मुदतीच्या जेमतेम १० दिवस आधी येऊ शकते. पेपरलेस असाल तर ती पोर्टलच्या कोपऱ्यात पडून राहते. नवा दर तेव्हा ठरलेला नसेल तर नोटिशीत आकडाही नसतो, फक्त तो कधी ठरेल ती तारीख आणि चौकशीचा फोन नंबर.

कोयना

असहमत. सूचना बदलल्यानं विसरण्याचा धोका जात नाही, त्याची जागा बदलते.

शेअर सेव्हिंग्जवर कित्येक ठिकाणी ०.०५ ते ०.२५ टक्के मिळतात. ४ टक्क्यांच्या हिशेबानं ५०,००० डॉलरवर दिवसाला साधारण साडेपाच डॉलर होतात. मुदत संपल्याची तारीख विसरणारा माणूस सेव्हिंग्जमध्ये पडलेली रक्कमही विसरतो, आणि तिथे ती सहा महिने पडून राहिली तर जवळपास हजार डॉलर गेले. उलट साध्या मुदतीचा दर ३ टक्के असेल तर आपोआप वळलेलं सर्टिफिकेट निदान कमावत तरी राहतं.

आता तुमचं ०.५० टक्क्याचं उदाहरण घेऊ. लोकांना वाटतं, वळलं म्हणजे वर्षभर अडकलं. अडकलेलं नसतं. १२ महिन्यांपर्यंतच्या सर्टिफिकेटवर मुदतपूर्व मोडण्याचा दंड बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांचा डिव्हिडंड (क्रेडिट युनियनमध्ये व्याजाला हेच नाव) असतो, आणि तो नव्या, कमी दरानं मोजतात. ५०,००० × ०.५० टक्के × ९० ÷ ३६५, म्हणजे सुमारे ६२ डॉलर. ते भरा, मोडा, पैसे हलवा. पहिल्याच आठवड्यात मोडलं तर तेवढा डिव्हिडंड साचलेला नसल्यामुळे दंड मुद्दलातून कापतात, तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. तो दंड १०९९-आयएनटीच्या (व्याजाचा कर फॉर्म) दोन नंबरच्या चौकटीत येतो आणि शेड्यूल १ वर (कर विवरणपत्राची पुरवणी) उत्पन्नातून वजा होतो, स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) घेत असाल तरीही. १,८७५ वाचवायला ६२ गेले, एवढाच हिशेब.

हिशेबनीस

कोयना, दंडाचं गणित बरोबर आहे, आणि ज्यांचं सर्टिफिकेट आत्ता चुकून कमी दरावर वळलंय त्यांनी ते आजच करून बघावं. पण तो सरसकट आधार धरू नका.

पहिलं म्हणजे करारनाम्यातलं वाक्य बघा. काही करारांत मुदतपूर्व काढणं क्रेडिट युनियनच्या संमतीवर असतं. ती नाकारली तर तुमच्या हातात काही नाही. दुसरं, दंड नेहमी ९० दिवसांचाच नसतो. वर्षापेक्षा जास्त मुदतीला १८० दिवस सर्रास दिसतात, पाच वर्षांना ३६५ दिवसही. ५०,००० चं पाच वर्षांचं सर्टिफिकेट पुन्हा पाच वर्षांसाठी ३ टक्क्यांनी वळलं आणि दंड ३६५ दिवसांचा असला, तर मोडायला १,५०० डॉलर पडतील. तुमचा ६२ चा आकडा फक्त छोट्या मुदतीला आणि पडेल दरालाच लागू होतो. दर मधला असेल, म्हणजे अडीच-तीन टक्के, तेव्हा मोडावं की राहू द्यावं हे ठरवताना माणूस रेंगाळतो, आणि नुकसान तिथेच होतं.

बोरू

तुम्ही दोघं सूचनेवर भांडताय, पण पैसे बहुतेक वेळा वाटेत अडकतात. ते कुठे अडकतात ते लिहितो.

सभासद क्रमांक हा बहुधा एसीएचचा (बँकांमधलं इलेक्ट्रॉनिक हस्तांतर) खाते क्रमांक नसतो. पोर्टलवर सभासद क्रमांक आणि पुढे एस०१ वगैरे प्रत्यय दिसतो, लोक तोच बाहेरच्या बँकेत टाकतात. व्यवहार 'आर०३' किंवा 'आर०४' कोड लागून परत येतो आणि ग्रेस पिरियडमधले तीन-चार दिवस वाया जातात. एसीएचसाठी बहुधा वेगळा, लांब क्रमांक असतो. चेकच्या तळाशी छापलेला किंवा खात्याच्या तपशिलात दिलेला. तोही शेअर सेव्हिंग्जचा की चेकिंगचा ते विचारून घ्या, कारण काही ठिकाणी सेव्हिंग्जमधून बाहेरच्या बँकेला पैसे ओढता येत नाहीत.

बाहेरचं खातं जोडणं मुदतीच्या निदान दोन आठवडे आधी उरका. दोन किरकोळ रकमा जमा होणार, त्यांची पडताळणी होणार, यात दोन-तीन कामाचे दिवस जातात. मग दिवसाची मर्यादा बघा. क्रेडिट युनियनकडून ढकलायची मर्यादा लहान असते, नव्या बँकेकडून ओढायची बहुधा मोठी. म्हणून ओढा. मात्र ओढलेल्या रकमेवर नवी बँक काही दिवस होल्ड लावू शकते, म्हणजे रक्कम वापरू देत नाही. घर घ्यायचंय, तारीख ठरली आहे, अशा वेळी शुल्क देऊन वायर करा.

महिन्याला सहाच व्यवहार हा सेव्हिंग्जचा संघीय नियम एप्रिल २०२० मध्ये उठला, तरी काही संस्थांनी तो आपल्या नियमांत तसाच ठेवलाय. आणि सगळे पैसे काढताना सभासदत्वाचा शेअर, बहुधा ५ डॉलर, तिथेच राहू द्या. तो काढला की सभासदत्व जातं, आणि नोकरी किंवा पत्ता बदललेला असेल तर परत मिळेलच असं नाही.

दख्खनी

मूळ प्रश्नच चुकीचा आहे. मुदत संपल्यावर क्रेडिट युनियनमध्ये परत जायचंच कशाला? ट्रेझरी बिल (अमेरिकी सरकारचा अल्पमुदतीचा कर्जरोखा) घ्या. ४, ६, ८, १३, १७, २६, ५२ आठवडे, किमान १०० डॉलर, आणि त्या व्याजावर राज्याचा आयकर नाही. सर्टिफिकेटच्या डिव्हिडंडवर तो लागतो. (नाव डिव्हिडंड असलं तरी कर व्याज म्हणूनच, म्हणून तर फॉर्म १०९९-आयएनटी.) कॅलिफोर्नियात ९.३ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ४.०० टक्क्यांच्या सर्टिफिकेटचे राज्य करानंतर ३.६३ उरतात. ३.७० चं बिल त्याच्यावर मात करतं. मधेच पैसे लागले तर बाजारात विकता येतं, दंड नाही.

कोयना

टेक्सस, फ्लोरिडा, वॉशिंग्टनमध्ये पगार-व्याजावर राज्याचा आयकर नाही, तिथे तुमचा फायदा शून्य. शिवाय मधेच विकायचं म्हणजे त्या दिवशीच्या भावानं, दर चढले असतील तर तोटा. ट्रेझरीडायरेक्टवर (सरकारची स्वतःची वेबसाइट) थेट घेतलेलं बिल विकण्याआधी ते ब्रोकरकडे हलवावं लागतं, तेही ध्यानात असू द्या.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. फेडनं (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) सप्टेंबर २०२४ पासून दर उतरवायला सुरुवात केली. तोवर ते ५.२५ ते ५.५० होते. त्यानंतर छोट्या बिलांत फिरणाऱ्याला कमी कमी मिळत गेलं, आणि २०२३ मध्ये चार-पाच वर्षांचं सर्टिफिकेट घेतलेला अजून जुन्या दरावर बसलाय. ॲड-ऑन सर्टिफिकेट असेल तर सोन्याहून पिवळं, कारण नवे पैसेही जुन्या दरानं घालता येतात. शिडी लावलेल्यांना (वेगवेगळ्या वेळी संपणारी सर्टिफिकेटं घेतलेल्यांना) माझं एकच सांगणं: एखादी पायरी सुटली की ती परत लावण्याआधी घरातल्या चालू ॲड-ऑनचा दर बघा. नव्या स्पेशलपेक्षा तो बरेचदा सरस निघतो.

आजोळ

भारतात परतणारे किंवा इथे एकटे राहणारे आई-वडील, यांचा विचार करून हिशेबनीसांच्या बाजूनं लिहितेय.

परत गेल्यावर नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. अनेक पोर्टलचा ओटीपी अमेरिकी मोबाईलवरच येतो, तो नंबर बंद केला की दार बंद. सर्टिफिकेट मात्र वर्षानुवर्षं वळत राहतं. अनेक राज्यांत तीन ते पाच वर्षं खातेदाराचा काहीच संपर्क नसेल तर रक्कम बेवारस ठरून राज्याकडे जाते. ती मागून परत मिळते, पण भारतातून कागद नोटराइझ करत बसावं लागतं. म्हणून निघण्याआधी प्रत्येक सर्टिफिकेटची अखेरची तारीख, सूचना, सहखातेदार आणि लाभार्थी हे चारही तपासा. सूचना बदलण्याचा अधिकार काही ठिकाणी फक्त मुख्य खातेदाराला असतो, सहखातेदाराचा फोन तिथे चालत नाही.

पैसे भारतातच न्यायचे असतील तर परतण्याआधी, अनिवासी असतानाच एनआरई (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) की एफसीएनआर (त्यांची परकीय चलनातली ठेव) ते ठरवा. एफसीएनआर १ ते ५ वर्षांचं असतं आणि डॉलरमध्येच राहतं. एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही. अमेरिकेचे करदाते असेपर्यंत एनआरईचं व्याज इथे करपात्रच आहे, आणि परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली की एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरायचा. विम्यातला फरकही मोठा आहे. तिकडे बँकेमागे ५ लाख रुपये, इकडे एनसीयूएचे (क्रेडिट युनियनच्या ठेवींचा विमा बघणारी सरकारी संस्था) अडीच लाख डॉलर. आपल्याकडच्या पतसंस्थेतल्या ठेवीला तर डीआयसीजीसीचं (भारतातल्या बँक ठेवींचा विमा देणारी संस्था) छत्रच नाही. नाव सारखं वाटतं म्हणून क्रेडिट युनियन आणि पतसंस्था एका मापानं मोजू नका.

शिरवळ

विम्याचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी.

अडीच लाखांत मुद्दल आणि साचलेला डिव्हिडंड दोन्ही धरतात. २,४५,००० डॉलर ४ टक्क्यांनी वर्षभर ठेवून सगळेच वळवले तर २,५४,८०० होतात, वरचे ४,८०० उघड्यावर. अशा वेळी डिव्हिडंड दर महिन्याला दुसऱ्या संस्थेतल्या खात्यात काढा. संयुक्त खात्याची मर्यादा दर सहखातेदाराला वेगळी, आयआरएची (निवृत्तीसाठीचं बचत खातं) वेगळी. आणि 'क्रेडिट युनियन आहे म्हणजे एनसीयूए असणारच' हे गृहीत धरू नका. राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या काही क्रेडिट युनियनचा विमा खासगी असतो, त्याला सरकारची हमी नाही.

दुसरी गोष्ट आपोआप नूतनीकरणाच्या बाजूनं जाते. तुमची खाती असलेल्या दोन क्रेडिट युनियनचं विलीनीकरण झालं तर विमा सहा महिने वेगवेगळा धरतात. सर्टिफिकेट त्या सहा महिन्यांत संपून त्याच मुदतीनं, त्याच रकमेनं वळलं, तर वेगळं संरक्षण सहा महिन्यांनंतरच्या पहिल्या मुदतअखेरीपर्यंत टिकतं. रक्कम वाढवली किंवा मुदत बदलली की फक्त सहा महिने. दोन्हीकडे मिळून अडीच लाखांवर असणाऱ्यांनी त्या काळात सर्टिफिकेटला हात लावू नये.

हिशेबनीस

शिरवळ, हा अपवाद मान्य. तिथे नूतनीकरण चालूच ठेवावं. साचलेला डिव्हिडंड मुद्दलात मिळाला तरी त्या नियमात रक्कम तीच धरतात.

आजोळ यांच्या यादीत आयआरए सर्टिफिकेटही घाला. तिथे रक्कम सेव्हिंग्जमध्ये जमा करण्याची सूचना देताना ते सेव्हिंग्ज खातं आयआरएच्याच आतलं आहे ना, हे आधी लेखी विचारा. साध्या खात्यात गेली तर ते पैसे काढल्यासारखं होतं: कर लागतो, आणि साडेएकोणसाठ वर्षांखाली वर १० टक्के दंड. ६० दिवसांत परत भरायची सोय आहे, पण १२ महिन्यांत एकदाच. संस्था बदलायची असेल तर नव्या संस्थेकडून कस्टोडियन ते कस्टोडियन (खातं सांभाळणाऱ्या एका संस्थेकडून थेट दुसरीकडे) हस्तांतर सुरू करा, तेही तीन-चार आठवडे आधी. कागद अजून टपालानं फिरतात.

कोयना

सूचनेच्या बाबतीत माझं मत तेच आहे: वर्षभराच्या किंवा त्याहून लहान मुदतीला चालू ठेवा. पाच वर्षांचं पुन्हा पाच वर्षांसाठी वळत असेल तर बंद करा, तिथे दंडाचा मुद्दा पटला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी फोनवरच्या उत्तरावर मात्र थांबू नये. मुदतीच्या २० दिवस आधी सिक्युअर मेसेजनं पाच प्रश्न पाठवा:

'हे सर्टिफिकेट कोणत्या मुदतीत वळेल? ग्रेस किती दिवसांचा, कॅलेंडरचे की कामाचे, आणि मुदतीच्या दिवसापासून की दुसऱ्या दिवसापासून? ग्रेसमध्ये काढले तर त्या दिवसांचा डिव्हिडंड मिळेल का? मुदत रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी संपली तर रक्कम कधी हाती येईल? मुदतपूर्व दंड किती, आणि काढायला तुमची संमती लागते का?'

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं तर पैसे पहिल्याच दिवशी हलवा. ५०,००० वर ४.२५ टक्क्यांनी दहा दिवसांचे ५८ डॉलर होतात.

बोरू

उत्तर आलं की त्याची पीडीएफ करून घरच्या फाइलमध्ये ठेवा. काही पोर्टल जुने मेसेज ठरावीक दिवसांनी पुसतात.