८०० अँपिअरच्या पॅनेलला बसबार कोणता: साधा, टिनवाला की चांदीवाला?

भोसरीकर_पॅनेल:
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं तिघांचं छोटं वर्कशॉप आहे. ८०० अँपिअरचं विजेचं पॅनेल बनवायला मिळालंय, एका सांडपाण्याच्या पंपहाउससाठी. ग्राहकाला "सगळ्यात भारी" हवं, म्हणून बसबारला, म्हणजे पॅनेलच्या आत वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीला, चांदीचा मुलामा मागतोय. भागीदार म्हणतो अ‍ॅल्युमिनियम टाकून मोकळा हो. मी ५०×१० मिलिमीटरची साधी तांब्याची पट्टी धरून कोटेशन दिलंय. चुकलं का?

टेस्टिंगवाले_काका:
हो, आणि ग्राहकाचंही. सांडपाणी म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायू. त्यात साधं तांबं काळं पडतं आणि चांदीही. आजीच्या देव्हाऱ्यातली निरांजनं आठव. एका पंपहाउसात पॅनेल उघडलं तर बसबार पोळ्यांच्या तव्याच्या बुडासारखा! तिथे टिनवालाच घे. टिन म्हणजे आपलं कथिलच रे, कल्हई समज.
आता माप. चौरस मिलिमीटरला १.६ अँपिअर धरलं की ५०×१० बरोब्बर बसतं, मान्य. पण बंद खोक्यात ती पट्टी तापते. मी दर फेजला ५०×६ च्या दोन टाकतो, मध्ये पट्टीच्या जाडीएवढी फट, आणि उभ्या बसवतो. पृष्ठभाग वाढतो, हवा खेळते.

भोसरीकर_पॅनेल:
काका, मग तांबं मीटरला ४.४५ किलोवरून ५.३४ वर गेलं की! भागीदार रडेल.

टेस्टिंगवाले_काका:
रडू दे. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के, म्हणजे पट्टी दीडपटीहून जाड. वजन तरी निम्मं भरेल, हे खरं. पण तुझ्या खोक्यात जागा आहे का? शिवाय ब्रेकरच्या तांब्याच्या टोकाशी जोडताना बायमेटल वॉशर (एका बाजूला तांबं, दुसरीकडे अ‍ॅल्युमिनियम असलेली चकती) विसरलास, की दोन पावसाळ्यांत तो जोड खाल्ला जाणार.

कसब्यातला_तांबट:
मध्येच बोलतो. आमच्या घरात तांब्याची भांडी घडतात, म्हणून एकच सांगतो: स्वस्त मिळाली म्हणून भंगारातून ओढलेली पट्टी घेऊ नका. भांड्याला थोडी भेसळ खपते, विजेला नाही. पाइपच्या तांब्यात फॉस्फरस असतो, त्याने वाहकता १५-२० टक्के घसरते. ९९.९ टक्के शुद्ध ईटीपी, म्हणजे विजेच्या कामाचं तांबं, मागा आणि सर्टिफिकेट हातात घ्या. पट्टी काटकोनात वाकवूनही बघा. बाहेरच्या बाजूला चिरा गेल्या तर सरळ परत करा.

भोसरीकर_पॅनेल:
टिनवाला पक्का. शेवटचं: जनरेटरकडून येणारा जोडही याच पट्टीने करू?

टेस्टिंगवाले_काका:
अजिबात नको! जनरेटर थरथरतो, कडक पट्टीने ब्रेकरचं टोक हलतं. तिथे पातळ पत्र्यांच्या थरांची लवचिक पट्टी लाव. आणि नटबोल्ट अंदाजाने आवळू नकोस. गुरुवारी भोसरीत आहे, टॉर्क रेंच, म्हणजे मोजून आवळायचा पाना, घेऊन येतो. चहा तुझ्याकडे.