चेकडिस्कच्या आधी प्रत काढा
हार्ड डिस्क नीट चालेनाशी झाली की 'आधी चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवून बघा' असा सल्ला मिळतो. फाइल सिस्टिमच, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची नोंदवहीच, बिघडली असेल तर तो ठीक, पण डिस्कच मरायला टेकली असेल तर त्यापायी उरलंसुरलंही जातं. दुरुस्तीच्या नावाखाली चेकडिस्क त्याच डिस्कवर लिहीत सुटतं. आतून टकटक आवाज येत असेल तर काहीच चालवू नका, डिस्क बंद करा आणि डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडे द्या. (डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा उपाय तर नकोच. बाहेर काढली की दमट हवेत आत बाष्प धरतं, आणि डेटा वाचणारं हेड प्लॅटरपासून (आतल्या फिरत्या तबकडीपासून) जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगत असतं!)

आवाज नसेल, नुसती रखडत असेल, तर आधी अख्ख्या डिस्कची प्रत आणि मग जी काय शस्त्रक्रिया करायची ती प्रतीवर. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू त्यासाठीच आहे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेले सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) नंतरसाठी ठेवतं. मात्र कमांडमध्ये मॅपफाइलचं (काय वाचून झालं, काय राहिलं याची नोंद ठेवणाऱ्या फाइलचं) नाव द्यायचंच, आणि ती फाइल दुसऱ्या डिस्कवर. माझी १ टीबीची डिस्क दर तासाभराने गायब व्हायची. थंड होऊ देऊन परत जोडायची, तीच कमांड मारायची, की मॅपफाइल बघून गाडी पुढे सुरू. तीन रात्री गेल्या. जवळपास सगळं आलं, फक्त एका व्हिडिओत मध्येच दोन सेकंद चित्र हिरवं पडतं.

बॅकअप होता म्हणा माझ्याकडे. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर.