एमए पुरातत्त्वाला मडकी घडवून मार्क द्यावेत का?

तापीथडी (धागाकर्ता):
आमच्या विभागात प्राचीन इतिहास-पुरातत्त्वाच्या अंतर्गत गुणांसाठी निबंधाऐवजी 'करून बघा' प्रकल्प आणायचं चाललं आहे. मी शिकवतो आणि माझं मत आहे की आणावेत. तापीकाठच्या सावळद्याच्या ताम्रपाषाणयुगीन खापरांवर, म्हणजे मडक्यांच्या तुकड्यांवर, बाणाची टोकं, मासे रंगवलेले असतात, हे मुलं घोकून लिहितात. तो रंग भाजण्याआधी लावला की नंतर, असं विचारलं की वर्ग गप्प. एकदा स्वतः मडकं घडवून पऱ्हाट्या-गोवऱ्यांत भाजलं, की हा प्रश्न त्यांचाच होईल.

चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे घ्या. तिथे पुरातत्त्वज्ञ डॉ. साळींच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचे. गारगोटीच्या टोच्याने साध्या शिंपल्याला भोक पाडायला लावा, मग बघू 'आदिमानव' हा शब्द कोण सहज वापरतो! त्याच पाटण्याचा शके ११२८ चा (इ.स. १२०६-०७) शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा. शेवटचा भाग मराठीत आहे आणि त्यात घाण्यामागे पळीभर तेलासारखे बारीक हक्क लिहिलेत. त्यावरून मुलांनी मठाची जमाखर्चाची वही मांडावी. पाठ करून ती मांडता येणार नाही.

जुनापानी:
सर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं शेवटी थर्माकोलच्या अजिंठ्यावर येऊन थांबतं. शाळेच्या प्रोजेक्टसारखं दुकानातून तयार आणतील, वर चकाकी मारतील आणि तुम्ही २० पैकी १८ द्याल.

आज एमए झालेल्या किती जणांना काठाच्या तुकड्यावरून भांड्याचा व्यास काढता येतो? वर्तुळांच्या तक्त्यावर काठ ठेवायचा, कुठलं वर्तुळ जुळतं ते बघायचं, मग छेद, म्हणजे भांडं उभं कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढायचा. कंटाळवाणं काम आहे, पण पुरातत्त्वज्ञ बी. के. थापरांनी १९५४-५५ मध्ये तापीकाठचं प्रकाशे खणलं त्याचा अहवाल हे आल्याशिवाय वाचता येत नाही. नुसती चित्रं बघून होतात. आणि संस्कृत? तुमच्या त्या शिलालेखाचा मराठी भाग शेवटी येतो, आधीचे श्लोक कोण लावणार? सत्र मुळात लहान, त्यात चिखल कालवत बसायचं.

गिरणाकाठची:
मी याच विषयाची विद्यार्थिनी. सर म्हणतात ते खरं, दादा म्हणतात तेही खरं, पण खर्चाचं कुणीच बोलत नाही. होस्टेलवर भट्टी लावू देतील का? ज्यांचं शेत आहे त्यांना पऱ्हाट्या फुकट, बाकीच्यांनी काय जाळायचं? गावाकडच्या मुलाचं मडकं आपोआप भारी ठरेल. एरवी नेहमी उलटं असतं म्हणा, त्यामुळे याचं मला फार दुःख नाही 😀

चाकावरचा:
आमनं घरनं कामच हाई शे, म्हणून बोलतो. काळी माती नुसती घेतली तर वाळतानाच तडकते. गाळाची माती लागते, त्यात राख नाहीतर लीद मिसळावी लागते. मांडे भाजायचं खापर तर आणखी वेगळं, त्याला रोजचा विस्तव सोसायचा असतो. हे शिकवायला तुम्ही आम्हाला बोलावणार, फोटो काढणार, शाल-नारळ देणार. तासाचे पैसे देणार का? प्राध्यापकाच्या तासाला असतात ना?

तापीथडी:
@चाकावरचा भाऊ, एकदम बरोबर. पाहुण्या व्याख्यात्याचं मानधन मिळत असेल तरच बोलवायचं, ही अट मी प्रस्तावात घालतो.
@जुनापानी, दुकानातल्या मडक्याची भीती मलाही आहे. म्हणून गुण मडक्याला नकोतच, वहीला द्यायचे. कुठली माती, काय मिसळलं, किती दिवस वाळवलं, कुठे तडकलं, का तडकलं असावं. फुटलेलं मडकं आणि चांगली वही, पूर्ण गुण. सुंदर मडकं आणि कोरी वही, शून्य. आणि फुटलं तर त्याच तुकड्यांवर व्यास आणि छेद काढायचा. तुमचा तक्ता तिथेच येतो. खऱ्या खापरांवर अंदाज चुकला तर कळत नाही, इथे मूळ भांडं किती होतं ते आपणच मोजून ठेवलेलं असतं.

जुनापानी:
हे शेवटचं पटलं. तुकड्यांचा भाग सक्तीचा करा, मग माझा विरोध अर्धा. उरलेला अर्धा संस्कृतसाठी राखून ठेवतो, ते वहीत बसत नाही. आणखी एक भीती. या नादात पोरं गावोगावच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, जाऊन खापरं गोळा करत सुटतील. संरक्षित जागेवर परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. बाकीच्या पांढरी तर आधीच ट्रॉल्या भरभरून शेतात चालल्यात. जिथलं तिथे ठेवा, फोटो काढा, जागा नोंदवा, हे पहिल्या तासाला सांगा.

गिरणाकाठची:
दादा, आमच्या गावची पांढरी माझ्या आजोबांच्याच शेतात गेलीय. खत म्हणून चांगली असते म्हणतात. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

चाकावरचा:
ताई, आजोबांचं नंतर बघा. सर, पावसाळ्यात येऊ नका. माती वाळत नाही, भट्टी पेटत नाही. दिवाळीनंतर या.

तापीथडी:
पहिल्या सत्राची परीक्षा त्याच सुमारास असते भाऊ. मग हा पेपर दुसऱ्या सत्रात ढकलावा लागेल, आणि तिथे आधीच नाणकशास्त्र बसलंय.