एम्ब्रॉयडरी मशीनचे टाके बिघडतात तेव्हा: सांगली-साताऱ्याकडचे अनुभव

घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन आता आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बऱ्याच घरांत दिसतं. ब्लाउजच्या बाह्या, लग्नाचे अंतरपाट, बारशाची दुपटी, गणवेशावरची नावं, सगळं त्यावर निघतं. दुकानात डेमोला एक गुलाब सुरेख काढून दाखवतात. तो असतो कडक कॉटनवर, कोऱ्या सुईनं, मशीनमधल्याच डिझाइनचा. घरी आल्यावर खण येतो, जॉर्जेट येतं, जरी येते आणि मग रडगाणं सुरू होतं. साध्या शिलाई मशीनचा मेकॅनिक गल्लीत मिळतो, याचा शोधत फिरावं लागतं. म्हणून आपापल्या मशीनला काय झालं आणि ते कशानं सुटलं, ते इथं लिहा. मॉडेल नाही सांगितलं तरी चालेल. कापड, दोरा आणि सुई मात्र सांगा, त्याशिवाय कुणाला काही सुचवता येत नाही.

विश्रामबाग, सांगली (ब्लाउजचं काम)

सुरुवात मीच करते. कापडाखाली दोऱ्याचा गोळा झाला की सगळ्या जणी आधी बॉबिनवर, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळीवर, चिडतात. गोळा खाली दिसतो खरा, पण त्या दोऱ्याचा रंग बघा. वरच्या रिळाचाच असतो! म्हणजे खोड वरच आहे.

वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, दोन चकत्यांमधून जातो. फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, वर असताना त्या चकत्या उघडतात, खाली आला की आवळतात. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो चकत्यांच्या आत शिरतच नाही, वरूनच तरंगत जातो. मग त्याला धरून ठेवणारं काहीच नाही. खाली फिरणारं शटल खेचेल तेवढा दोरा खाली जातो आणि गोळा होतो. तपासायला सोपं आहे. फूट वर करून सुईजवळचा दोरा ओढा, सुळकन आला पाहिजे. मग फूट खाली करून ओढा. आता तो अडला पाहिजे, सुई किंचित वाकताना दिसली पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सुळसुळीत आला तर टेन्शनच्या आकड्याला हात लावू नका. दोरा पूर्ण काढा, फूट वर करा, पुन्हा ओवा.

बॉबिन उलट्या दिशेनं बसलं, तरी टाका ढिला पडतो. झाकणाखालीच दिशेचा बाण असतो, तो बघायचा.

विटा (शेजारी यंत्रमाग)

ताई, रंग बघायची खूण एकदम बरोबर. आमच्याकडं मात्र उलटं झालं. बॉबिनचा पांढरा दोरा वरच्या बाजूला ठिपक्याठिपक्यानं दिसायला लागला. मरून ब्लाउजवर ते किती घाण दिसतं सांगायला नको. वरचं टेन्शन कमी करत गेले की ठिपके जायचे, पण लगेच खालून फासे सुटायचे.

शेवटी बॉबिन ज्यात बसतं ती बॉबिन केस बाहेर काढली. तिच्या अंगाला एक पातळ पट्टी असते, तिच्याखालून दोरा दाबून निघतो. त्या पट्टीखाली कापसाची चपटी चकती जमली होती, इस्त्री केल्यासारखी. पट्टी त्यामुळं उचललेली, म्हणून खालचा दोरा मोकाट. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा कोपरा कापून पट्टीखालून दोरा निघतो त्याच दिशेनं फिरवला, चकती अख्खी बाहेर आली. पिन घालू नका, पट्टीला ओरखडा पडला तर कायमचं दुखणं. आणि शेजारच्या स्क्रूला हात लावायचाच असेल तर आधी त्याची खाच कुठं आहे त्याचा फोटो काढून ठेवा.

आमच्या गल्लीत हवेतच कापूस उडतो. म्हणून मोठं डिझाइन झालं की सुईखालची प्लेट उघडायची आणि ब्रशनं साफ करायचं. तोंडानं फुंकर मारायची नाही. कचरा आणखी आत जातो, वर वाफेचा ओलावा.

टेन्शन बरोबर आहे का, हे बघायला रुंद सॅटिन टाक्याची, म्हणजे शेजारी-शेजारी दाट भरलेल्या टाक्यांची, एक सरळ उभी पट्टी काढते. उलटी करून बघायची. मधला एक तृतीयांश हिस्सा पांढरा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला की झालं.

सातारा, मोती चौकाजवळ

पावसाळ्यात रेयॉनचा दोरा सारखा तुटायचा. सुई नवी, रस्ता बरोबर, तरी. रेयॉन ओलावा धरतो आणि ओला झाला की त्याचा दम निघून जातो. पॉलिस्टरला तो त्रास नाही. जून ते सप्टेंबर मी पॉलिस्टरच वापरते. रेयॉनची रिळं घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवते. चमक रेयॉनलाच जास्त, ते मान्य.

कराड (अंतरपाट)

माझं काम नुसतं नावांचं. वधू-वरांची नावं, मध्ये कलश, कडेला वेल. इंग्रजी अक्षरं काढणाऱ्यांना कल्पना नसेल, मराठी अक्षरांत मशीनची खरी परीक्षा शिरोरेषेला होते.

टाके ज्या दिशेनं पडतात त्या दिशेला कापड आत ओढलं जातं आणि पट्टीच्या दोन टोकांना ते बाहेर सरकतं. शिरोरेषा आडवी, तिचे टाके उभे. म्हणजे तिची जाडी कमी होते आणि लांबी वाढते. कान्याचे टाके आडवे, तो अरुंद होतो आणि त्याची टोकं पुढं सरकतात. पडद्यावर अगदी चिकटलेलं अक्षर कापडावर उतरलं की कुठं शिरोरेषा आणि अक्षर यांच्यात कापडाची फट, कुठं रेघ नावाच्या पुढं डोकावलेली. गिऱ्हाईक म्हणतं, ‘ताई, मशीन सरकलं का हो?’ मशीन जागच्या जागी असतं. डिझाइन करणाऱ्यानं ओढीचा हिशोब धरलेला नसतो.

माझा उपाय असा. कान्याची टोकं शिरोरेषेच्या आत घुसवायची, नुसती टेकवायची नाहीत. डिझाइन बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढीची भरपाई असते, ती कॉटनला ०.२ मिलिमीटर आणि मऊ कापडाला ०.४ पर्यंत ठेवायची. सगळ्या नावाची शिरोरेषा एकदम शेवटी ओढायची नाही. एका शब्दाची अक्षरं झाली की त्याच शब्दाची रेघ. मधल्या शब्दापासून सुरुवात करून बाहेर जायचं, म्हणजे सैल कापड कडेला निघून जातं. सॅटिनच्या खाली आधाराचे टाके हवेतच.

अनुस्वाराचा वेगळा त्रास. एवढ्याशा ठिपक्यात सुई त्याच त्या जागी पडत राहते, कापडाला भोक पडतं नाहीतर दोरा तुटतो. ठिपका जरा मोठा घ्या, टाके विरळ करा. बारीक अक्षराला ४० नंबरऐवजी ६० नंबरचा पातळ दोरा आणि ६५/९ ची सुई लावली की र्‍हस्व-दीर्घ वेलांट्या नीट उमटतात. आणि मशीनच्या पडद्यावर डिझाइन फार लहान-मोठं करू नका. बऱ्याच मशीनांत टाक्यांची संख्या तीच राहते, लहान केलं की सगळे टाके एकावर एक. आकार बदलायचा तर सॉफ्टवेअरमध्येच.

कोरेगाव

आमच्या मंडळींचं मशीन मे महिन्यात लय नखरं करायचं. सकाळी ग्वाड, दुपारी दोरा तुटंल नाहीतर सुईजवळ फासा पडंल. मला वाटलं मशीन तापतंय. बघतोय तर टेबल फॅनचा वारा थेट रिळावर! दोरा खुंटीजवळच भुरूभुरू उडून गुंतायचा. फॅन फिरवला, मशीन सुधारलं. आता वारा मशीनला नाय आन् माणसाला बी नाय.

तासगाव (जरी)

जरी दोरा म्हणजे आत एक साधा धागा आणि त्याच्याभोवती चमकदार पट्टी गुंडाळलेली. साध्या सुईच्या बारीक नाकात ती पट्टी सोलते. नाकाशी सोनेरी भुसा जमायला लागला की समजायचं, आता तुटणार. जरीची सुई वेगळी मिळते, ९०/१४, नाक लांबट. ती लावल्यावर निम्मी भांडणं मिटली.

उरलेली निम्मी पिळाची. चपट्या जरीचं रीळ आडव्या खुंटीवर ठेवलं आणि दोरा टोकावरून सुटला, तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ चढतो. रीळ उभ्या खुंटीवर, स्वतः फिरत सुटेल असं ठेवायचं. जमलं तर स्टँड मशीनपासून फूटभर मागं, म्हणजे सुईपर्यंत येईतो दोरा सरळ होतो. वेग सगळ्यात कमी. वरचं टेन्शन उतरवायचं. बॉबिनला साधाच दोरा, तिथं जरी भरण्यात काही अर्थ नाही. आणि दाट भरीव डिझाइन जरीत काढायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. मी म्हणते.

सांगली, गावभाग

२०१९ च्या महापुरात मशीन वेळेवर माडीवर नेलं म्हणून वाचलं. पाणी उतरलं, पण घरातली ओल काही लवकर गेली नाही. दिवाळीआधी काम सुरू केलं तर दोरा सरळ तुटायचा नाही, आधी त्याचे तंतू पिंजायचे, मग तुटायचा. सुई बदलली, दोरा बदलला, फरक शून्य.

पिंजून तुटणारा दोरा कुठंतरी घासतोय, एवढं धरून मागं जायचं. सुईच्या प्लेटच्या भोकाच्या कडेवर कापसाचा बोळा हलकेच फिरवला. एका जागी तंतू अडकले. तिथं गंजाचा बारीक खवला होता, डोळ्याला दिसत नव्हता. अगदी बारीक पॉलिश पेपरनं तेवढीच जागा घासून गुळगुळीत केली. पुढं नवी प्लेटच घेतली, काही फार महाग नसते. तेल मात्र मनानं सोडू नका. बऱ्याच घरगुती मशीनांना बाहेरून तेल द्यायचंच नसतं, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. साध्या शिलाई मशीनची सवय असलेले लोक हमखास तेलाची बुधली घेऊन येतात.

मिरज (टी-शर्ट, खण)

‘फ्रेममध्ये कापड तबल्यासारखं ताणा’ हे सगळीकडं सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. ताठ हवा तो खालचा बॅकिंग कागद, कापड नुसतं सपाट बसावं. टी-शर्ट ताणून बसवला की फ्रेममधून काढल्यावर कापड आपल्या मूळ मापाला जातं, टाके जात नाहीत, आणि नक्षीभोवती चुण्या. टी-शर्टला कापून टाकायचं जाड बॅकिंग आणि बोथट टोकाची सुई. फाडून निघणारा कागद फक्त घट्ट विणीच्या कापडाला, म्हणजे खणाला, कॉटनला. खण फ्रेममध्ये आवळला की काठावर वळ उठतो, म्हणून मी फ्रेममध्ये नुसतं बॅकिंग बसवते आणि खण त्यावर कच्च्या टाक्यानं धरते.

फलटण

इतकं सगळं वाचून माझी अडचण सुटली नाही. पाकळ्या भरून झाल्या की शेवटची काळी कड पाव इंच बाजूला पडते. बॅकिंग जाड, फ्रेमचा स्क्रू घट्ट, कापड हलत नाही. लहान डिझाइनला काही नाही, फक्त मोठ्या फ्रेमला. काय करू?

विश्रामबाग, सांगली

फलटणच्या ताई, मशीनच्या मागं भिंत किती लांब आहे? मोठी फ्रेम मागं जाताना भिंतीला, खिडकीच्या कठड्याला किंवा तिथं ठेवलेल्या रिळांच्या डब्याला नुसती टेकली तरी पुढचं सगळं तेवढंच सरकतं, आणि आवाजही येत नाही. मशीन हातभर पुढं ओढा. फ्रेमवरून लोंबणारं कापड टेबलाच्या कडेला अडकत नाही ना, तेही बघा, साडीच्या पदराला हे हमखास होतं. तरीही कड सरकली तर तो नमुना उसवू नका. उलट-सुलट दोन्ही बाजूंचे फोटो टाका आणि मेकॅनिककडे जाताना तोच तुकडा बॅकिंगसकट घेऊन जा.

फलटण

मागं खिडकी आहे. गजाला रंगाचा ओरखडा दिसतोय, फ्रेमच्या उंचीवरच. मशीन फिरवून ठेवलंय, लाइट आली की बघते.