मदत हवी आहे: १७९९च्या अमेरिकन डॉलरच्या कडेवरची अक्षरं पुसलेली आहेत, ठेवू की परत करू?

मंडळी, नमस्कार. मी न्यू जर्सीत राहतो. नाणी लहानपणापासून जमवतोय, पण सुरुवातीच्या अमेरिकन डॉलरांच्या वाटेला कधी गेलो नव्हतो, परवडतच नव्हते. सगळ्यांत पहिले, १७९४चे, टांकसाळीने जेमतेम १,७५८ दिले. त्यातला एक २०१३ साली एक कोटी डॉलरच्या वर गेला. १७९९चे मात्र त्या मानाने बरेच सापडतात. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून गेल्या शनिवारी एका नाणे-प्रदर्शनात २,१०० डॉलरला एक घेतला. तज्ज्ञांनी तपासून, प्रत ठरवून डबीत बंद केलेला नाही, सुटा. दहा दिवसांत परत घेईन असं विक्रेत्याने पावतीवर लिहून दिलंय. त्यातले चार गेले.

वजन २६.४१ ग्रॅम भरलं. नवा असताना २६.९६ असायचा, तेव्हा एवढी झीज धरून ठीक आहे. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडून घनता काढली, १०.२८ आली, त्या काळच्या सुमारे ८९ टक्के चांदीला जुळते. लोहचुंबकाला चिकटत नाही. वरून खाली उलटवला की मागचा गरुड सरळ दिसतो, तसाच दिसायला हवा. (आपल्या रुपयासारखा डावीकडून उजवीकडे फिरवला तर गरुड उलटा दिसतो.) नकली असेल असं मला वाटत नाही.

घोडं अडलंय ते कडेवर. ह्या नाण्याच्या दोन्ही तोंडांवर किंमत कुठेच नाही. ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’ हे शब्द फक्त कडेवर, मध्ये मध्ये नक्षी. हा डॉलर आहे हे नाणं फक्त तिथेच सांगतं, म्हणून मला तर तीच जागा सगळ्यांत प्रिय. रात्री दिव्याखाली कड फिरवत वाचत होतो. ‘वन’ नीट लागलं, ‘डॉलर’ची पहिली दोन अक्षरं लागली, पुढे सगळं गुळगुळीत. जागा बरोबर पुढच्या तोंडावरच्या ‘लिबर्टी’ शब्दाच्या वर. तिथले काठाचे दातेही सपाट झालेत आणि रंग आजूबाजूच्या करड्या चांदीपेक्षा पांढुरका आहे.

आमच्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली एक कडी निघाली होती. सोनाराने डाख दिलेली ती जागा अशीच दिसायची. ह्या डॉलरलाही कुणी कडी लावून गळ्यात घातलं असेल का? जाणकारांनी कृपया सांगावं. शिवाय पुढच्या तोंडावरच्या लिबर्टी देवीच्या खांद्यावरून समांतर बारीक रेघा गेल्यात, त्याही दुरुस्तीच्या का?

प्रतिसाद १
खांद्यावरच्या रेघांची काळजी करू नका. कोरी चकती वजनाला जास्त भरली की फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ती कानसून मग छाप मारत. रेघा देवीच्या वस्त्राच्या चुण्यांखाली दबलेल्या दिसल्या तर त्या तिथल्याच.

कडेबद्दल मात्र घाई नको. कडेवरची अक्षरं छाप मारायच्या आधी, चकती दोन पट्ट्यांमधून फिरवून उठवत. त्यामुळे अस्सल नाण्यावरही काही अक्षरं पुसट किंवा एकमेकांवर चढलेली असतात. दहापट भिंगातून पाहा: टांकसाळीतच पुसट उठलेल्या अक्षरांच्या जागी कडेची गोलाई कायम असते, कानसलेल्या जागी आडव्या खरवडी दिसतात. आणि नाणं उलटवून गरुडाच्या शेपटीखालचा काठ बघा, तुमची जागा मागच्या बाजूला तिथेच येते. दोन्हीकडचे दाते सपाट असतील तर कडी होतीच समजा. प्रमाणित करायला पाठवलंत तर ‘अस्सल, पण दुरुस्त’ असा शेरा येईल, अंकात प्रत मिळणार नाही. पूर्ण भाव देऊन असं नाणं घेऊ नये. आणि कृपा करून ते पांढरं-करडं एकसारखं करायला काहीही चोळू नका.

धागाकर्ता
मनापासून धन्यवाद. आत्ताच पाहिलं. शेपटीखालचे चार दाते गेलेत, कडेवर आडव्या खरवडी स्पष्ट आहेत, आणि एका फटीत डाखाचा राखाडी ठिपका अजून बसलाय. खांद्यावरच्या रेघा चुण्यांखालीच आहेत, ते बघून बरं वाटलं. विक्रेत्याला आजच फोटो पाठवतोय. दुरुस्त नाण्याच्या भावात देत असेल तर ठेवेन, कारण बाकीची कड अजून वाचता येते. नाहीतर शनिवारी नेऊन परत देतो.