ख्रिस्ती संप्रदाय क्षीण होत आहेत, की त्यांच्या सीमारेषा सरकत आहेत?

प्रश्न :
बाप्तिस्मा बालकांना द्यावा की प्रौढांनाच, प्रभुभोजनात, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीत, ख्रिस्ताची उपस्थिती कोणत्या अर्थाने मानावी, मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, कारभार बिशपांकडे असावा की तिच्यातील ज्येष्ठांच्या सभेकडे, अशा प्रश्नांवरून सोळाव्या शतकातील युरोपातील धर्मसुधारणेनंतर संप्रदाय वेगळे झाले. आज मात्र अनेक ख्रिस्ती कुटुंबे एका संप्रदायातून दुसऱ्यात सहज जातात आणि हे फरक त्यांना फारसे अडवत नाहीत. मग संप्रदायांचे महत्त्वच संपत आले आहे का?

उत्तर १ :
महत्त्व संपलेले नाही, रेषा सरकल्या आहेत. माणूस विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरतो या ज्या सिद्धांतावरून जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या काळी पश्चिमेकडील चर्च दुभंगले, त्याच सिद्धांताविषयी कॅथलिक चर्च आणि जागतिक लुथरन महासंघ यांनी १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या आणि २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदेनेही त्याला संमती दिली. याउलट अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून २०१९ ते २०२३ या काळात सुमारे एक चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या, आणि त्या वादाच्या मुळाशी बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन नव्हते, तर समलिंगी विवाह आणि समलिंगी व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा देण्याचा प्रश्न होता. जुने तंटे मिटवायला साडेचार शतकांहून अधिक काळ लागला असताना नवी फूट इतक्या लवकर पडावी, याचे मला मनापासून दुःख होते.

उत्तर २ :
वरील उत्तरात पेंटेकॉस्टल चळवळीचा उल्लेख राहिला आहे. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर १९०६ मध्ये सुरू झालेल्या सभांमुळे ती जगभर पसरली, आणि पुढे १९६० च्या दशकात अन्य भाषांत बोलणे, आजार बरे करणे अशा पवित्र आत्म्याच्या दानांवरचा तिचा भर अँग्लिकन, लुथरन व कॅथलिक उपासनेतही शिरला. त्यामुळे वेगवेगळ्या संप्रदायांतील माणसे आज सारख्याच पद्धतीने प्रार्थना करताना आढळतात.

उत्तर ३ :
मला काळजी वाटते ती कोणत्याही संप्रदायाशी न जोडलेल्या स्वतंत्र मंडळ्यांची. संप्रदाय म्हणजे केवळ विश्वासाचा अंगीकार नव्हे. पाळकांचे प्रशिक्षण, त्यांची नेमणूक व बदली, मालमत्तेची विश्वस्त व्यवस्था आणि तक्रार ऐकणारी वरची सभा, हे सारे त्यात येते. स्वतंत्र मंडळीत संस्थापक पाळकाविरुद्ध दाद मागायची, तर ती अनेकदा त्यानेच निवडलेल्या मंडळाकडे मागावी लागते. मोठ्या संस्थांनीही पाळकांनी केलेले लैंगिक अत्याचार दडपले आहेत, हे २००२ मध्ये बॉस्टनच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात उघड झालेल्या प्रकरणांनी दाखवले, म्हणून केवळ रचना पुरेशी आहे असा माझा दावा नाही. तरीही तेथे नियम लेखी असतात आणि ते मोडल्याचा जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असते. स्वतंत्र मंडळीत सामील होण्यापूर्वी उपासना कशी आहे एवढेच न पाहता, हिशेब कोण तपासतो आणि पाळकाला पदावरून दूर करण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही प्रत्येकाने विचारून घ्यावे.