गोव्यात कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक नियम हवेत की नकोत?

म्हापसेकर:
ओळखीतल्या एका घरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. विकणाऱ्याने छातीठोकपणे दोन महिन्यांचं सांगितलं. तोंड उघडून बघितलं तर पुढचे दात जेमतेम फुटलेले, दाढांचा पत्ताच नाही. फार तर महिन्याचं असेल. आठवड्याच्या आत रक्ताचे जुलाब लागले. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा साथीचा रोग. गेलं बिचारं.

केंद्राचे २०१७ चे नियम आहेत की! आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, अठरा महिन्यांपेक्षा लहान मादी नराला लावायची नाही, जन्मभरात पाच वेतांच्या वर नाही, ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. हे काटेकोर राबवा. नोंदणी क्रमांक नसलेली जाहिरात दिसली की कारवाई करा.

फोंड्याची ताई:
दादा, पिल्लाचं वाईट वाटलं. पण मला हे पटत नाही. माझ्याकडे एकच मादी आहे, वेत झालं की मी रात्र रात्र तिच्याजवळ बसते. नोंदणीचे ५,००० रुपये, वर रजिस्टर, तपासणी. माझ्यासारखी बाई सोडूनच देईल. मग उरतील कोण? घाटावरून बसने खोक्यात पिल्लं पाठवणारे. त्यांना कोण अडवतंय?

डिचोलीकर:
पैदासच कशाला? गावठी पिल्लं रस्त्यावर मरतायत, ती घ्या. आपल्या दमट हवेत हस्कीसारखा बर्फातला कुत्रा पाळणं हा निव्वळ छळ आहे.

म्हापसेकर:
डिचोलीकर, हस्कीचं शंभर टक्के मान्य. पण बंदी घातली तरी लोक चोरून घेणारच.
ताई, शुल्क घरगुती ब्रीडरला कमी करा, मी तुमच्या बाजूने आहे. रजिस्टर मात्र हवंच. कुठली मादी, कितवं वेत, लस कधी, एवढं तुम्हाला तोंडपाठ असेल. आणि खोकेवाल्याला गिऱ्हाईकच अडवू शकतं. पिल्लाची आई दाखवत नसेल तर घेऊ नका, हे शाळेपासून सांगायला हवं. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, त्यामागे लसीकरणाबरोबर शाळाशाळांतून दिलेले धडेही होते. ते जमलं, मग हे का जमू नये?

फोंड्याची ताई:
आई दाखवायचं म्हणाल तर माझं दार कधीही उघडं आहे. शुल्क उतरलं तर नोंदणीही करीन. पण तपासणीला पशुवैद्य पाठवा, कारकून नको. ओल्या बाळंतिणीजवळ कसं जायचं, हे कळणारा माणूस पाहिजे.